वाचकांचे प्रश्न : चाक फिरते, गाडी मात्र हलत नाही

पावसाळा लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. उन्हाळाभर एसी आणि बॅटरी यांविषयी विचारणारे वाचक आषाढात चिखल, घसरण आणि ब्रेक यांच्याकडे वळतात. यंदा बरीच पत्रे एकाच दिव्याविषयी आली आहेत : डॅशबोर्डवरचा तो पिवळा दिवा, ज्यात एक छोटी गाडी मागे दोन नागमोडी रेघा सोडत जाताना दिसते. तो दिवा ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यावर चाकाला जागच्या जागी गरगरू न देणाऱ्या यंत्रणेचा. म्हणून या वेळी इतर प्रश्न बाजूला ठेवून तिच्याविषयीच्या पत्रांनाच जागा दिली आहे. पत्रे लांब होती, त्यांचा सारांश तेवढा दिला आहे.

प्रश्न : श्रावणी सोमवारी ओंकारेश्वराचे दर्शन घेऊन आम्ही पाच जण परतत होतो. पाऊस भुरभुरत होता. भेरूघाट चढताना एका अवघड वळणावर पुढे ट्रक थांबला, म्हणून मीही थांबलो. पुन्हा निघताना ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिनाने जोरच घेतला नाही, खालून घर्र असा आवाज आला आणि घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचा दिवा भराभर लुकलुकू लागला. दहा-बारा फूट गेल्यावर सारे पूर्ववत झाले. गाडी सहा महिन्यांपूर्वीच घेतलेली आहे. तिच्यात काही दोष असावा काय? (एक वाचक, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : दोष नाही. आपण वर्णन केलेल्या तिन्ही गोष्टी, म्हणजे इंजिनाने जोर न घेणे, खालून आलेली घर्र आणि दिव्याचे लुकलुकणे, ट्रॅक्शन कंट्रोल आपले काम करत असल्याच्या खुणा आहेत. दिवा लुकलुकला तर यंत्रणा त्या क्षणी कामाला लागलेली असते आणि सतत पेटून राहिला तर ती बंद केलेली किंवा बिघडलेली असते. गाडी ताब्यात देताना कोणी एवढे सांगितले असते, तर सोमवारच्या दर्शनानंतरचा आपला प्रवास काळजीत गेला नसता. पण त्या दिवशी हार आणि पेढे यांच्या गडबडीत अशा गोष्टी सांगायला कोणाला सवड नसते, आणि ऐकायलाही नसते.

गाडीचा प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या जागेत. गाडीला पुढे नेणे, थांबवणे आणि वळवणे ही तिन्ही कामे त्या चार तळहातांवर चालतात. कोरड्या डांबरावर टायरची पकड ही त्या चाकावर पडणाऱ्या वजनाच्या साधारण आठ-नऊ दशांश इतकी असते. रस्ता ओला झाला की ती बरीच खाली येते आणि ट्रकमधून सांडलेल्या डिझेलवर किंवा पहिल्या पावसात भिजलेल्या धुळीच्या बुळबुळीत थरावर त्याहूनही कमी होते. इंजिनाने चाकाला दिलेला जोर या मर्यादेच्या पलीकडे गेला की चाक रस्ता धरायचे सोडून जागच्या जागी गरगरू लागते.

थोडीशी घसरण ही नित्याचीच असते, कारण रबर जोर लावताना किंचित सरकतेच. गाडी ताशी २० किलोमीटर वेगाने जात असताना चाकाचा परीघ ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने फिरत असेल, तर घसरण २० टक्के झाली असे म्हणतात. डांबरी रस्त्यावर सर्वांत चांगली पकड साधारण १० ते २० टक्के घसरणीच्या दरम्यान मिळते. त्यापुढे पुढे जाण्याची पकड तर कमी होतेच, परंतु त्याहून घातक गोष्ट अशी की आडवी पकड, जिच्या बळावर गाडी वळते, ती झपाट्याने नाहीशी होते. पुढचे चाक गरगरू लागल्यावर स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडीचे नाक वळत नाही. सपाट रस्त्यावर याने फार तर थोडी फजिती होते. घाटात एका बाजूला दरी असते.

ही घसरण गाडीला कळते कशी? प्रत्येक चाकाच्या हबपाशी, म्हणजे मधल्या भागापाशी, बोटाच्या पेरापेक्षा फारसा मोठा नसलेला एक सेन्सर असतो आणि त्याच्यासमोर चाकाबरोबर फिरणारी एक दातेरी किंवा चुंबकीय कडी असते. कडीवरचा प्रत्येक दाता समोरून गेला की सेन्सर एक विद्युत ठोका पाठवतो. कडीला ४८ दाते आहेत आणि चाकाचा परीघ १.९ मीटर आहे असे धरले, तर ताशी ४० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला जवळजवळ सहा फेरे घेते आणि सेन्सर सेकंदाला सुमारे २८० ठोके पाठवतो. चारही चाकांचे ठोके एकाच संगणकाकडे जातात. आपल्या गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांकडे जाते, मागची चाके नुसती ओढली जातात; त्यामुळे मागच्या चाकांचे ठोके गाडीचा खरा वेग सांगतात आणि पुढच्या एखाद्या चाकाचे ठोके त्याहून अचानक वाढले की ते चाक घसरले हे संगणकाला समजते. वळणावर आतले आणि बाहेरचे चाक मुळातच वेगवेगळ्या वेगाने फिरते, तो हिशोब त्यात आधीच धरलेला असतो.

भेरूघाटातल्या त्या वळणावर सगळे प्रतिकूल योग एकत्र आले होते. चढावर गाडीचे वजन मागच्या चाकांकडे सरकते, आणि मागे तीन माणसे व डिकीत सामान असले की आणखी सरकते. म्हणजे ज्या चाकांनी गाडी ओढायची तीच हलकी होतात. वळणात थांबल्यामुळे चाके वळलेली होती. त्यातच अशा वळणांवर रस्त्याला एका बाजूला उतार दिलेला असतो आणि आतल्या कडेला पाण्याबरोबर वाहून आलेली माती साचलेली असते. आतले पुढचे चाक त्या मातीवर असणार, आणि आपण निघताना घाईने ॲक्सिलरेटर दाबला असणार, कारण मागे गाड्यांची रांग लागलेली असताना आपल्यापैकी कोणीही तेच करतो.

घसरण ओळखल्यावर यंत्रणा दोन प्रकारे हस्तक्षेप करते. पहिला प्रकार इंजिनाचा जोर कमी करण्याचा. पेट्रोल गाडीत ठिणगी किंचित उशिरा पाडली जाते, आवश्यक तर एखाद्या सिलिंडरचे इंधन क्षणभर बंद केले जाते आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, बंद केली जाते. डिझेल गाडीत फवारल्या जाणाऱ्या इंधनाचे प्रमाण घटवले जाते. आजच्या गाड्यांमध्ये ॲक्सिलरेटरच्या पायपट्टीपासून इंजिनापर्यंत तार नसते. आपण पायाने फक्त मागणी नोंदवतो, ती किती पुरी करायची ते संगणक ठरवतो. आपल्याला जोर मिळाला नाही तो यामुळे.

दुसरा प्रकार अधिक मनोरंजक आहे, आणि घर्र आवाज त्याचा आहे. दोन पुढच्या चाकांमध्ये डिफरन्शियल असते, ज्यामुळे वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरता येते. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा की ते दोन्ही चाकांना नेहमी सारखाच पीळ, म्हणजे चाक फिरवणारा जोर (टॉर्क), देते, आणि त्यामुळे दोघांपैकी दुबळ्या चाकाला जेवढा सोसवेल तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. समजा, मातीवरचे चाक २०० न्यूटन-मीटर पीळ पेलू शकते आणि डांबरावरचे १२००. डिफरन्शियल दोघांना प्रत्येकी २०० देणार, एकूण ४००. डांबरावरच्या चाकाची १००० न्यूटन-मीटरची ऐपत वाया जाणार आणि मातीतले चाक गरगरत राहणार. आता यंत्रणेने गरगरणाऱ्या चाकालाच ६०० न्यूटन-मीटरचा ब्रेक लावला, तर त्या चाकाचा एकूण विरोध ८०० झाला. डिफरन्शियलला वाटते की या बाजूला ८०० पेलले जात आहेत, म्हणून ते दुसऱ्या बाजूलाही ८०० देते. रस्त्याला प्रत्यक्ष मिळालेला जोर मातीवर २०० आणि डांबरावर ८००, मिळून १००० झाला. ब्रेक लावल्यामुळे गाडी अडीच पट जोराने पुढे ढकलली जाते, हे ऐकायला विचित्र वाटते, पण घडते असेच. आपण ब्रेक दाबलेला नसताना हा दाब तयार करायला ब्रेकच्या तेलाचा छोटा विजेचा पंप चालू होतो. घर्र त्याचीच होती.

जुन्या काळी मागच्या चाकांवर चालणाऱ्या जीप आणि अँबेसेडर हाकणारे अनुभवी चालक हीच युक्ती हाताने करत. एक मागचे चाक चिखलात गरगरू लागले की ते हँडब्रेक दोन-तीन दाते ओढून ठेवत आणि हलक्या पायाने गाडी बाहेर काढत. लहानपणी हे पाहिलेले आहे, त्याचे कारण फार उशिरा कळले. आपल्या गाडीत ही युक्ती चालणार नाही, कारण हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि ओढणारी चाके पुढे आहेत.

पुढच्या वेळी अशा ठिकाणी दिवा लुकलुकला तर पाय पूर्ण उचलू नये आणि अधिक दाबूही नये. अर्ध्यावर स्थिर धरावा, शक्य तेवढे स्टिअरिंग सरळ करावे आणि यंत्रणेला काम करू द्यावे. चढावर एकदम पाय उचलला की गाडी मागे येऊ लागते आणि मग ब्रेक, क्लच, मागचा हॉर्न यांचा गोंधळ उडतो. आणखी एक गोष्ट : ट्रॅक्शन कंट्रोल पकड निर्माण करत नाही. टायर आणि रस्ता यांच्यात जेवढी आहे तेवढीच ते काटकसरीने खर्च करते. टायर गुळगुळीत झालेले असतील तर त्या वळणावर ही यंत्रणा आपल्याला सावकाश घसरवील, इतकाच फरक पडेल.

प्रश्न : देपालपूरजवळ आमची शेती आहे. मागच्या आठवड्यात शेताच्या रस्त्यावर गाडी फसली. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन गुरगुरून गप्प व्हायचे, चाके फिरायचीच नाहीत. माझ्या पुतण्याने स्टिअरिंगच्या डावीकडचे एक बटण दाबून धरले आणि गाडी दोन प्रयत्नांत निघाली. मात्र घरी आल्यावर शेजाऱ्यांनी सांगितले की ते बटण सुरक्षा यंत्रणा बंद करते, त्याला कधीही हात लावू नये. बरोबर कोण? (एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर)

उत्तर : आपला पुतण्या. आधी एक विषयांतर : गाडी ‘फसली’ असे आपण इंदूरकर हिंदीच्या सवयीने म्हणतो, पुण्याचा माणूस विचारील, कोणी फसवली? तिकडे गाडी रुतते. माळव्याच्या काळ्या मातीचा अनुभव घेतलेल्या माणसाला मात्र आपलाच शब्द अधिक खरा वाटेल, कारण ही माती खरोखर फसवते. वरून वाळून भेगाळलेली दिसते आणि खाली लोण्यासारखी असते.

ही चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि भिजली की टायरच्या नक्षीत गच्च बसते. दोन फेऱ्यांत नक्षीच्या खाचा भरून जातात आणि नवा कोरा टायरही तेल लावलेल्या लाटण्यासारखा गुळगुळीत होतो. खाचा मोकळ्या करायचा एकच मार्ग असतो : चाक थोडे जोरात फिरवून माती भिरकावून देणे, म्हणजे मोकळी झालेली नक्षी खालच्या घट्ट थराला पकडते. ट्रॅक्शन कंट्रोलला नेमके तेच मंजूर नसते. चाक गरगरले की जोर काढून घे, असे त्याला डांबरी रस्त्यासाठी शिकवलेले आहे. खोल चिखल, सुटी वाळू आणि जाड मुरूम या तीन ठिकाणी जास्त घसरण उपयोगी पडते, आणि बटण दिलेले आहे ते अशाच प्रसंगांसाठी.

तरीही बटण दाबले म्हणजे गाडी निघालीच असे होत नाही. चाके सरळ करावीत. पहिल्याऐवजी दुसरा गिअर टाकून मध्यम पायाने सुरुवात करावी. गाडी थोडी पुढे, थोडी मागे अशी झुलवावी. प्रत्येक झोक्याला खड्डा लांबट होतो आणि बाहेर पडायला धाव मिळते. पुढच्या चाकांखाली गोणपाट, मुरूम किंवा तुराट्या घालाव्यात. हाताशी आल्या म्हणून बाभळीच्या फांद्या घालू नयेत. गाडी निघेल, पण पंक्चरवाल्यापर्यंतच जाईल. टायरमधली हवा थोडी कमी केल्याने टेकणारी जागा वाढते, मात्र पक्क्या रस्त्यावर आल्याबरोबर ती पुन्हा भरून घ्यावी. दोन-तीन प्रयत्नांत गाडी तसूभरही हलली नाही तर थांबावे. चाके खड्डा खणत खाली जातात आणि गाडीचे पोट मातीवर टेकले की चाकांवर वजनच उरत नाही. मग कोणतेही बटण उपयोगाचे नाही, ट्रॅक्टर बोलवावा. शिवाय एकच चाक दीर्घकाळ वेगाने गरगरवल्यास डिफरन्शियलमधील लहान गिअर तापून खराब होतात, आणि ते काम स्वस्त नसते.

शेजाऱ्यांच्या म्हणण्यातही अर्धे तथ्य आहे. गाडी पक्क्या रस्त्याला लागताच बटण पुन्हा दाबून यंत्रणा सुरू केली पाहिजे. आपण विसरलात तरी बहुतेक गाड्यांमध्ये इंजिन बंद करून पुन्हा चालू केले की ती आपोआप सुरू होते, आणि काही गाड्यांमध्ये ठरावीक वेग ओलांडल्यावर स्वतःच परत येते. बटण थोडा वेळ दाबले तर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होते आणि काही सेकंद दाबून धरले तर सोबत स्थैर्य राखणारी यंत्रणाही बंद होते, असा भेद अनेक गाड्यांत असतो. आपल्या गाडीत काय आहे ते तिच्या पुस्तिकेत एकदा पाहून ठेवावे.

प्रश्न : पुढच्या डाव्या चाकातून गुणगुण असा आवाज येत होता म्हणून एका गॅरेजमध्ये बेअरिंग बदलून घेतले. आवाज गेला, पण गाडी बाहेर काढताच एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल असे दोन्ही दिवे कायमचे लागले. गॅरेजवाले म्हणतात की एबीएसची पेटीच गेली, बदलावी लागेल. खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या मानाने फार मोठा आहे. काय करावे? (एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर)

उत्तर : पेटी बदलण्याआधी ते नवे बेअरिंग तपासावे. आदल्या दिवसापर्यंत सुरळीत असलेली पेटी बेअरिंग बदलल्याच्या क्षणी जावी, असा योगायोग अशक्य नाही. परंतु त्याहून फार सामान्य असे एक कारण आहे आणि ते आपल्या पत्रातील प्रत्येक तपशिलाशी जुळते.

अनेक गाड्यांमध्ये मी वर सांगितलेली दातेरी कडी वेगळी नसते. बेअरिंगच्याच एका तोंडावरील रबरी सीलमध्ये चुंबकाचे बारीक उत्तर-दक्षिण ध्रुव एकाआड एक बसवलेले असतात आणि सेन्सर ते मोजतो. असे बेअरिंग हातात घेतले तर दोन्ही तोंडे जवळजवळ सारखी दिसतात. एका बाजूचे सील काळपट तपकिरी असते, दुसऱ्या बाजूचे साधे काळे किंवा धातूचे, आणि ग्रीस लागलेल्या बोटांना तो फरक जाणवत नाही. चुंबकीय तोंड सेन्सरच्या बाजूला यावे लागते. ते उलटे दाबले गेले तर बेअरिंग म्हणून ते उत्तम चालते, आवाजही जातो, पण सेन्सरला एकही ठोका मिळत नाही. तीन चाके फिरत आहेत आणि एक थांबलेले आहे असे चित्र संगणकाला दिसते; ते अशक्य असल्याने तो एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही बंद करून दिवे लावतो. साधे ब्रेक अशा वेळी नेहमीप्रमाणे चालतात.

बेअरिंग बसवण्यापूर्वी कोणते तोंड चुंबकीय आहे ते पाहण्याची युक्ती सोपी आहे : लोखंडाचा अगदी बारीक कीस कागदावर घेऊन त्यावर ते तोंड हलकेच धरायचे आणि कीस रेघारेघांनी चिकटतो का ते पाहायचे. त्यासाठी मिळणारे छोटे तपासणी कार्डही असते. आपले बेअरिंग आता बसलेले असल्याने गाडी स्कॅनर असलेल्या दुसऱ्या ठिकाणी न्यावी, आणि गाडी सावकाश चालवत चारही चाकांचे वेग पडद्यावर पाहावेत. डाव्या पुढच्या चाकाचा आकडा शून्यावर खिळलेला दिसला तर दोष बहुधा पेटीत नाही. आकडा मधूनमधून दिसत असेल तर सेन्सरची वायर ओढली गेली आहे का, जोडणीत पाणी शिरले आहे का, सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटला आहे का, हे पाहावे. आपल्याकडे पावसाळ्यात उंदीरही या वायरी कुरतडतात. रात्री बंगल्याच्या पोर्चमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीची गरम इंजिनखोली त्यांना धर्मशाळेसारखी वाटते.

बेअरिंग उलटे निघाले तर ते काढून पुन्हा तेच वापरू नये, काढताना ते दुखावते. नवे घ्यावे, आणि त्याचा खर्च कोणी सोसावा याबद्दल गॅरेजवाल्यांशी शांतपणे, पण स्पष्ट बोलावे.

याच दिव्याची आणखी दोन स्वस्त कारणे सांगून ठेवतो, कारण त्यांविषयीही पत्रे आहेत. बॅटरी बदलल्यानंतर दिवा लागून राहिला तर अनेकदा स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर आपली मधली जागा विसरलेला असतो; गाडी चालू करून स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवून मध्यावर आणावे आणि थोडे अंतर सरळ चालवावे, बहुतेक गाड्यांत दिवा जातो. दुसरे कारण टायरचे. एक टायर नवा आणि त्याच्या जोडीचा झिजलेला असला, किंवा लहान आकाराची स्टेपनी लावलेली असली, तर लहान चाक जास्त फेरे घेते आणि यंत्रणा त्याला घसरण समजू शकते. एका अक्षावरचे दोन्ही टायर एका मापाचे आणि जवळपास सारख्या झिजेचे असावेत.

प्रश्न : काका, मी पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएसपी यांत नेमका फरक काय, आणि यांतले आधी काय आले? (एक विद्यार्थिनी, तिलक नगर, इंदूर)

उत्तर : तिन्ही एकाच घरातली भावंडे आहेत, सेन्सर तेच आणि ब्रेकच्या तेलाची पेटीही तीच. ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणे हे एबीएसचे काम, ॲक्सिलरेटर दाबल्यावर चाक गरगरू न देणे हे ट्रॅक्शन कंट्रोलचे, आणि गाडी ज्या दिशेला वळवली त्या दिशेला ती खरोखर वळते आहे ना हे पाहून एखाद्याच चाकाला ब्रेक लावत तिला मार्गावर ठेवणे हे ईएसपीचे. ईएसपीला त्यासाठी दोन जादा गोष्टी कळाव्या लागतात : स्टिअरिंग किती वळले आहे, आणि गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरते आहे. तुला पेटी उघडून पाहायला मिळाली तर व्हॉल्व्ह मोज. चार चाकांच्या एबीएसला साधारण ८ असतात, ईएसपीला १२. जास्तीचे व्हॉल्व्ह चालकाने पाय लावलेला नसतानाही दाब निर्माण करता यावा म्हणून असतात.

क्रमाविषयी सांगायचे तर ब्यूक या अमेरिकी कंपनीने १९७१ मध्येच मॅक्सट्रॅक नावाची व्यवस्था दिली होती, जी चाक घसरले की इंजिनाच्या ठिणग्या कमी करायची. पण ती फार टिकली नाही. १९७८ मध्ये बॉश या जर्मन कंपनीचे इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आले, त्याच पायावर १९८७ च्या सुमारास ट्रॅक्शन कंट्रोल उभे राहिले आणि १९९५ मध्ये ईएसपी. दोनच वर्षांनी स्वीडनमधील पत्रकारांनी अचानक वळवण्याच्या चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटवली, तेव्हा कंपनीने त्या गाडीत ईएसपी सरसकट बसवले आणि लहान गाड्यांनाही ही चैन नसून गरज आहे हे सर्वांना दिसले. आपल्याकडे मोटारींना एबीएस एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले. ट्रॅक्शन कंट्रोलचे तसे नाही, परंतु १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या चाचणीत, तीन किंवा अधिक तारे मिळवायचे तर ईएसपी असावे लागते, आणि ईएसपी आले की ट्रॅक्शन कंट्रोल बहुधा सोबत येतेच.

तुमच्या वर्गाची सहल निघणार असेल तर सरांना पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन चाचणी केंद्राचे नाव सुचव. तिथला ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा ट्रॅक वर्तमानपत्रांतून गाजला, पण तुझ्या प्रश्नाच्या दृष्टीने तिथली ब्रेकची चाचणीपट्टी अधिक पाहण्यासारखी आहे. तिथे वेगवेगळ्या घर्षणाचे पृष्ठभाग शेजारी शेजारी असतात, म्हणजे डावी चाके निसरड्यावर आणि उजवी खरखरीत भागावर ठेवून, भेरूघाटातले ते वळण हवे तितक्या वेळा पुन्हा घडवता येते.

प्रश्न : ट्रॅक्शन कंट्रोल असल्यामुळे पावसात मानपूरचा घाट उतरताना गाडी अधिक सुरक्षित राहते काय? (एक वाचक, महू)

उत्तर : उतरताना त्याचा फारसा संबंध येत नाही, कारण तेव्हा आपण ॲक्सिलरेटर दाबत नसतो. तिथे उपयोग एबीएस आणि ईएसपीचा, आणि त्याही आधी खालच्या गिअरचा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून पेट्रोल वाचवण्याची सवय असेल तर ती सोडावी. त्या घाटात ब्रेक तापलेले अवजड ट्रक आपल्या मागे असतात.

प्रश्न : जुनी गाडी घ्यायची आहे. विकणारे म्हणतात की तिच्यात ट्रॅक्शन कंट्रोल आहे. न घसरता ते चालू आहे की नाही हे कसे ओळखावे? (एक वाचक, वैशाली नगर, इंदूर)

उत्तर : किल्ली फिरवा, पण इंजिन सुरू करू नका, आणि फक्त डॅशबोर्डकडे पाहा. एबीएसचा आणि घसरणाऱ्या गाडीचा असे दोन्ही दिवे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर काही सेकंदांत विझले पाहिजेत. विझले नाहीत तर बिघाड आहे, हे कोणीही ओळखेल. दिवा मुळात लागलाच नाही, तर अधिक सावध व्हावे. बिघाड दुरुस्त करण्यापेक्षा दिवा झाकणे किंवा काढून टाकणे स्वस्त पडते. त्यानंतर बटण एकदा दाबून ‘ऑफ’चा दिवा लागतो का ते पाहा, पुन्हा दाबून तो घालवा, आणि चक्कर मारताना एखाद्या मोकळ्या, खडीच्या जागेवर गाडी थांबवून, आजूबाजूला कोणी नाही याची खात्री करून, पहिल्या गिअरमध्ये जरा जोरात निघा. दिवा दोन-चार वेळा लुकलुकून इंजिनाचा जोर कमी झाला तर यंत्रणा जिवंत आहे.

खाली उतरल्यावर टायरही पाहून घ्या. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षीच्या खाचांमध्ये तळाशी आडव्या उंचवट्या असतात, त्या १.६ मिलिमीटर उंच असतात, आणि टायर झिजून त्यांच्या पातळीला आलेला असेल तर चार नव्या टायरांची किंमत व्यवहारातून वजा करायला सांगावी.